मावशीच्या फुप्फुसातले डाग गेले कुठे?

रामबागचा_राजू
१२ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:४०

आज एकादशी. साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच झालीय, झोप येत नाहीये. आठ दिवस डोक्यात घोळणारा विषय इथे टाकतो. इथे डॉक्टर आहेत, शिकवणारे आहेत, नुसते वाचणारेही आहेत. सगळ्यांनी बोला.

माझी मावशी इथेच इंदूरला, आमच्या शेजारच्या गल्लीत राहते. वय ६९. २०२२च्या फेब्रुवारीत तिच्या लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफी झाली, मग सीटी. उजव्या किडनीत मोसंब्याएवढी गाठ आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून पाच डाग, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. डॉक्टर म्हणाले, पसरलाय. मार्चमध्ये किडनी काढली. रिपोर्ट आला: क्लिअर सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचाच कॅन्सर. नंतर टाके पिकले, बारा दिवस ताप हटेना, रात्री १०३-१०४ पर्यंत जायचा. घरी आली तेव्हा चिपाड झाली होती. फुप्फुसांसाठी गोळ्या सुरू करायच्या होत्या, पण मावशी म्हणाली, जरा अंगात जीव येऊ दे. ते 'जरा' जुलैपर्यंत लांबलं.

जुलैत सीटी केला. फुप्फुसं स्वच्छ. पाचातला एकही डाग नाही.

मी जुनी आणि नवी फिल्म खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी चिकटवून बघत होतो. मावशी पोह्यांवर जिरावण भुरभुरवत मागे येऊन उभी राहिली आणि विचारते, "यातली मी कुठली रे?"

मधल्या चार महिन्यांत घरात काय काय झालं ते सांगायलाच हवं, कारण भांडण त्यावरूनच आहे. काकांनी खजराण्याच्या गणपतीला जाऊन देवळामागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं. (इंदूरबाहेरच्यांसाठी: नवस बोलताना उलटं काढायचं, पुरा झाला की येऊन सुलटं काढायचं.) मामेभाऊ रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणून द्यायचा. आत्याबाईंनी देवासहून कुणा वैद्याच्या पुड्या आणल्या. आता तिघेही आपापला दावा सांगतात. मावशी तिघांनाही हो म्हणते.

इथवर सगळं घरातलं. पण आमच्याच वाड्यात तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. स्तनाचा कॅन्सर, दुसऱ्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं, चारपैकी दोन किमो झाल्या. काल तिसरी होती. गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या मावशीचं काहीही न घेता गेलं ना? मग मी का केस घालवून बसू?" गॅलरीत गव्हाचे सहा ट्रे लावलेत.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्यात. कॅन्सर खरंच आपोआप जातो का? जात असेल तर शरीरात नेमकं काय होतं? आणि काकूंना मी काय सांगू?

पोहे_जलेबी
१२ नोव्हेंबर, रात्री ११:०२

स्वच्छतेत पहिला नंबर इंदूरचा. मावशींनी फुप्फुसंही सर्वेक्षणात घातली वाटतं!
गंमत बाजूला. काकूंचं वाचून काळजी वाटली. वाचतोय.

सांजवात
१२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

काटा आला अंगावर. बाप्पा मोरया. मावशींना नमस्कार सांगा.

स्लाइडवाला
१३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

राजू, मी पॅथॉलॉजिस्ट. इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकलो, ३४ वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो, आता निवृत्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, जातो. फार क्वचित, पण जातो. त्याला स्पॉन्टेनियस रिग्रेशन म्हणतात. आपण 'आपोआप माघार' म्हणू.

शिकागोच्या एव्हरसन आणि कोल या दोन सर्जननी १९०० पासूनची जगभरची वैद्यकीय नियतकालिकं चाळली, संशयास्पद होतं ते सगळं बाद केलं आणि १९६६ साली १७६ रुग्णांची यादी मांडली. त्यांतले निम्म्याहून जास्त चारच प्रकारांतले: किडनीचा कॅन्सर, तान्ह्या मुलांतला कोवळ्या चेतापेशींचा न्यूरोब्लास्टोमा, कातडीतल्या रंगपेशींचा मेलानोमा आणि वारेच्या पेशींतून होणारा कोरिओकार्सिनोमा. साठ हजार ते एक लाख रुग्णांत एखादा, हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. तो अदमास आहे, मोजदाद नव्हे.

त्यांची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. काहीच उपचार नसताना, किंवा झालेला उपचार त्या गाठीला पुरा पडणारा नसताना, गाठ पूर्ण किंवा थोडी मागे हटणं. 'बरा होणं' आणि हे एकच नव्हे, असं त्यांनी त्यातच बजावून ठेवलंय. यावर नंतर लिहितो, मला तिथे एक माणूस आठवतो.

आधी मला सांग, फुप्फुसातल्या डागांची सुई घालून तपासणी झाली होती का? की सीटी बघूनच पसरलाय म्हणाले?

रामबागचा_राजू
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

सर, खरं सांगू? मला माहीत नाही. फाइल मावशीच्या गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली आहे. किल्ली काकांकडे आणि काका उज्जैनला. संध्याकाळी काढतो.

ग्वाल्हेरकर_आप्पा
१३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

झालं सुरू. आता सुई घातली होती का, स्लाइड होती का. माणूस बरा झाला की तुम्हा शास्त्रवाल्यांना आधी आजारच खोटा ठरवायचा असतो. अहो, देवाला श्रेय दिलं तर तुमचं काय जातं?

स्लाइडवाला
१३ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

आप्पा, माझं काही जात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं जाईल.

आणि देवाचं म्हणाल, तर या विषयाला चक्क एक संत आहे. इटलीतल्या फोर्ली गावचा पेरेग्रिन, तेराव्या-चौदाव्या शतकातला. पायावर मोठी गाठ, ती फुटून जखम झालेली, दुसऱ्या दिवशी पाय कापायचा ठरलेला. रात्रभर प्रार्थना केली, सकाळी जखम भरलेली. पुढे बरीच वर्षं जगला, १३४५ साली गेला. ख्रिस्ती लोक कॅन्सरच्या रुग्णांसाठी आजही त्याची करुणा भाकतात. डॉक्टर मंडळी ही कथा वाचतात तेव्हा त्यांची नजर प्रार्थनेवर नाही, त्या फुटलेल्या, चिघळलेल्या जखमेवर जाते. का ते सांगतो. राजूने तापाबद्दल जे सहज लिहून टाकलंय ना, त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा तरुण सर्जन होता. त्याची एक कोवळ्या वयाची रुग्ण हाताच्या हाडाच्या कॅन्सरने (सार्कोमा), हात कापूनही, १८९१च्या जानेवारीत गेली. त्याने ते मनाला लावून घेतलं आणि इस्पितळाची जुनी दप्तरं उपसली. त्यात एक जर्मन स्थलांतरित सापडला. मानेवरची गाठ, पुनःपुन्हा कापून पुनःपुन्हा आलेली. शेवटच्या ऑपरेशननंतर जखमेत एरिसिपेलस झाला, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूने लालभडक सुजणारी कातडी आणि सणसणून ताप. ताप उतरला तशी गाठ विरघळली. कोली त्या माणसाला शोधत गरीब वस्तीतल्या चाळींतून दारोदार हिंडला आणि तो सापडला. सात वर्षांनंतर ठणठणीत, मानेवर फक्त व्रण.

मग कोलीने मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. जिवंत जंतू धोक्याचे ठरले, काही रुग्ण दगावले, तेव्हा उष्णतेने मारलेल्या दोन जातींच्या जंतूंचं मिश्रण केलं. काही गाठी खरोखर गेल्या. पण कुणाची जाईल, कुणाची नाही, याचा नेम नव्हता. पुढे किरणोपचार आले आणि कोलीची बाटली मागे पडली.

विचार मात्र मेला नाही. १९७६ साली कॅनडात मोरालेस यांनी मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरसाठी आत बीसीजी सोडलं. तुमच्या-माझ्या दंडावर जिची खूण आहे तीच क्षयाची लस. आजही ते सर्रास देतात. तिथे येणारे संरक्षक पेशींचे थवे जंतूंच्या निमित्ताने येतात आणि गाठीलाही झोडपतात.

पोहे_जलेबी
१३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

म्हणजे ताप आला की उतरवायचा नाही? आमच्याकडे एक जण लगेच फॉरवर्ड करील, म्हणून विचारतोय.

स्लाइडवाला
१३ नोव्हेंबर, दुपारी १:२६

मुळीच नाही! किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्र असो, पाऊस असो, सरळ दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, साधा जंतू काही तासांत जीव घेतो. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

बडोद्याची_मीरा
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४०

मी बडोद्याला बायोकेमिस्ट्री शिकवते. थोडी भर घालते, कारण न्यूरोब्लास्टोमाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या नणंदेचा मुलगा चार महिन्यांचा असताना पोट टम्म फुगलं आणि कातडीखाली निळसर गाठी दिसू लागल्या. हात लावला की वाटाण्यासारख्या सरकायच्या. तपासणीत न्यूरोब्लास्टोमा. यकृतात, कातडीत आणि थोडा अस्थिमज्जेत. एवढं पसरलेलं ऐकून घरात रडारड. आणि डॉक्टर काय म्हणाले असतील? "बघू या, थांबू या." आमच्या सासऱ्यांचा असा संताप झाला! तीन डॉक्टर पालथे घातले. तिघांचं उत्तर तेच. यकृत छातीवर दाब द्यायला लागलं तर थोडं औषध देऊ, नाहीतर नुसतं लक्ष ठेवू.

गाठी सात-आठ महिन्यांत विरल्या. पोरगा आता पहिलीत आहे. दांडिया बाजारातल्या गणपतीपुढे असा नाचतो की बघत राहावं.

या अवस्थेला ४-एस म्हणतात. हिचं वर्णन १९७१ मध्ये झालं. आपण 'आपोआप' म्हणतो त्या सगळ्यात ही सर्वात भरवशाची माघार, आणि इथे कारण वेगळं असावं असं मानतात. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. ज्यांना वाढीचा खुराक मिळतो त्या टिकतात, बाकीच्या ठरल्यासारख्या स्वतःच मरतात. या बाळांच्या गाठीतल्या पेशींवर ट्रॅक-ए नावाचं, हा खुराक टिपणारं प्रथिन भरपूर असतं. खुराक मिळाला तर त्या पिकून साध्या, निरुपद्रवी चेतापेशी होतात; तुटला तर मरतात. म्हणजे जे काम पोटात असतानाच उरकायचं होतं ते बाहेर आल्यावर उशिरा उरकलं जातं. शिवाय पेशीला अमर करणारं टेलोमरेज या गाठींत फारसं नसतं.

जपानमध्ये १९८०च्या दशकात सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांची लघवी तपासून हा कॅन्सर आधीच पकडायची मोहीम निघाली. रुग्ण भराभर सापडले, पण या रोगाने मरणाऱ्या मुलांचा आकडा त्या मानाने खाली येईना. जी गाठ कुणालाही न कळता विरून गेली असती, तिच्यासाठी बाळांना ऑपरेशन आणि किमो सोसावी लागत होती. २००३-०४ मध्ये मोहीम बंद केली.

पण हे तान्ह्या बाळांचं. दीड वर्षावरच्या मुलात तोच कॅन्सर पसरला तर भयंकर असतो. काकूंना हे लागू नाही, हे आधीच सांगून टाकते.

सांजवात
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

बाळाला उदंड आयुष्य. मीराताई, मग किडनीच्या बाबतीत काय होतं? तिथे तर पेशी लहान बाळाच्या नसतात.

बडोद्याची_मीरा
१३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तिथे बहुतेक बोट प्रतिकारशक्तीकडे जातं. आपल्या टी पेशी अंगात गस्त घालतात. गाठीच्या पेशींत बिघडलेली प्रथिनं असतात, त्यामुळे टी पेशी त्यांना ओळखूही शकतात. पण गाठ लबाड. अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन बाळगते, ते टी पेशीवरच्या पीडी-१ला लागलं की टी पेशी ओठांवर बोट ठेवल्यासारखी गप्प. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं ते हे दडपण कसं उठवायचं यासाठी. एकाचं काम सीटीएलए-४ वर, दुसऱ्याचं पीडी-१ वर.

आता गंमत बघा. एव्हरसन आणि कोल यांच्या यादीत वरचढ असलेले किडनी आणि मेलानोमा हेच दोन कॅन्सर या नव्या औषधांना सगळ्यात आधी दाद देणाऱ्यांपैकी ठरले. निसर्ग अधूनमधून, लहर लागली की, जे करत होता तेच आता सलाइनमधून करता येतं. सगळ्यांना लागू पडत नाही आणि किंमत डोळे पांढरे करणारी, तो भाग वेगळा.

महूचा_ढोरडॉक्टर
१३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

माणसांत एवढं दुर्मीळ आहे, आमच्याकडे नाही हो. मी महूला शिकलो, गुरांचा डॉक्टर, पण शहरात राहिल्यावर कुत्रीच जास्त येतात. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर लाल-गुलाबी, फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ तुम्ही पाहिली असेल. ती संसर्गाने पसरते. जंतू नाही बरं का, कॅन्सरची पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याची गाठ आहे ती, तो केव्हाच मेला आणि त्याच्या पेशी अजून जगभर हिंडताहेत.

यातल्या काही गाठी काही महिन्यांनी आपोआप आटतात. वाढत्या गाठीच्या पेशी आपली ओळखपाळख सांगणारी प्रथिनं लपवून बसतात. आटायला लागते तेव्हा तीच प्रथिनं पुन्हा वर येतात आणि गाठीत लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशींसारख्या लढाऊ पांढऱ्या पेशी, ठासून भरलेले दिसतात. मीराताई म्हणतात तेच, फक्त फुटपाथवर.

आणि तरीही दारात असं कुत्रं आलं की मी आटायची वाट बघत नाही. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन, म्हणजे किमोचं इंजेक्शन, तीन-चार ते सहा डोस. बहुतेक बरी होतात.

पोहे_जलेबी
१३ नोव्हेंबर, रात्री १०:३१

सराफ्यात गराडू खात हे वाचलं भिया. फुलकोबी आता महिनाभर नको.

तीळगूळ
१४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

आमच्या वडिलांना संधिवातासाठी वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेट चालू होतं. मानेत, काखेत गाठी आल्या. बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर. डॉक्टरांनी दुसरं काही न करता आधी ती गोळी बंद केली. दोन-अडीच महिन्यांत गाठी गेल्या. तीन वर्षं झाली. आम्हीही चमत्कारच म्हणत होतो, मग कळलं की गोळीने दाबलेली प्रतिकारशक्ती मोकळी झाली होती.

स्लाइडवाला
१४ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

तीळगूळ, उत्तम उदाहरण. अशा लिम्फोमांपैकी बऱ्याच जणांत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. आणि २०२१ साली इंग्लंडमधून अशी एक नोंद आली होती: ६१ वर्षांचा माणूस, हॉजकिन लिम्फोमाचं नुकतंच निदान, उपचार सुरू व्हायच्या आत कोविड झाला. चार महिन्यांनी बहुतेक गाठी गेलेल्या. (म्हणून कुणी कोविड अंगावर घेऊ नये, हेही लिहून ठेवतो. पोहेजलेबींच्या फॉरवर्डवाल्यासाठी.)

आता मी सुरुवातीला म्हणालो होतो तो माणूस.

नव्वदच्या दशकात निमाडातला एक शेतकरी आला. जांघेत लिंबाएवढी गाठ. काढली. टेबलावर कापली तर आतून शाईत बुडवल्यासारखी काळी. मेलानोमा. पण मेलानोमा कुठून तरी सुरू व्हावा लागतो. सगळं अंग पाहिलं, कुठे काळा तीळ नाही. आपल्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायावर येतो, म्हणून मी सर्जनला म्हटलं, पाय धुऊन घ्या. टाचेच्या जरा पुढे चार आण्याच्या नाण्याएवढा फिकट डाग निघाला. शेतकरी म्हणाला, "हा होय? इथे काळा मस होता. दोन वर्षांपूर्वी आपणच गेला. बरं झालं म्हटलं."

तो फिकट भाग काढून पाहिला. मेलानोमाची एकही जिवंत पेशी नाही. वण आलेली ऊती, थोडे लिम्फोसाइट आणि रंगद्रव्य गिळून बसलेल्या सफाई पेशी. घर जळून गेल्यावर मागे राहिलेली काजळी जशी. तळपायावर त्याच्या शरीराने लढाई जिंकली होती. पण तोवर काही पेशी वर जांघेपर्यंत पोचल्या होत्या आणि तिथे तेच शरीर हरलं. वर्षभरात गेला.

आप्पा, म्हणून मी सुई विचारतो. 'गेला' हा शब्द मी एवढ्या सहज वापरू शकत नाही.

ग्वाल्हेरकर_आप्पा
१४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

वाचलं. मानलं. पण डॉक्टरसाहेब, तुमच्यातल्या कुणालाच कधी असा रुग्ण भेटला नाही की ज्याने झोप उडवली?

स्लाइडवाला
१४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

भेटला की. मला नाही, स्टीव्हन रोझेनबर्गना. १९६८, बॉस्टनमधलं माजी सैनिकांचं इस्पितळ. हे शिकाऊ सर्जन. एक म्हातारा पित्ताशयाच्या दुखण्याने आला. जुने कागद काढले तर बारा वर्षांपूर्वी त्याच्या जठराचा कॅन्सर यकृतात पसरलेला होता आणि त्याला मरायला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्गनी पोट उघडल्यावर हाताने यकृत चाचपलं. काहीच नाही. मग त्यांनी त्या म्हाताऱ्याचं रक्त दुसऱ्या एका कॅन्सर रुग्णाला देऊन पाहिलं. काही उपयोग झाला नाही. पण ती उडालेली झोप त्यांना टी पेशींपर्यंत आणि १९८४ मध्ये टी पेशी वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-२ने बऱ्या झालेल्या पहिल्या रुग्णापर्यंत घेऊन गेली.

चमत्कार म्हणून हात जोडून ते घरी गेले असते तर? असो.

रामबागचा_राजू
१४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

फाइल मिळाली. काकांनी किल्ली दिली आणि वर "कशाला उकरतोस" हेही.

ऑपरेशनच्या आधी फुप्फुसातल्या मोठ्या डागात सुई घातली होती. रिपोर्टात एकच ओळ आहे: नमुना अपुरा, निदान शक्य नाही. पुन्हा केली नाही, कारण किडनी तर काढायचीच होती.

मी अर्धा तास कपाटासमोर तसाच बसलो. अडीच वर्षं आमचं घर ज्या गोष्टीवरून भांडतंय, ती झाली की नाही हेच कागदावर नाही.

स्लाइडवाला
१४ नोव्हेंबर, रात्री ९:००

मला हीच भीती होती. किडनीच्या जुन्या नोंदींतही हाच घोळ आहे. किडनी काढल्यावर फुप्फुसातले डाग गेले, पण त्या डागांची स्लाइड कितीतरी जणांची नाही. आपल्याकडे क्षय आहे, बुरशीचे आजार आहेत, साध्या न्यूमोनियाचे गोळे आहेत. सगळे सीटीत गोलच दिसतात आणि जातातही.

उलट बाजूही सांगतो. ते डाग कॅन्सरचेच असण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. किडनीची मोठी गाठ काढली की तिने पसरवलेलं दडपण कमी होऊन टी पेशी उरलेल्यांवर तुटून पडत असाव्यात, असा एक विचार आहे. वर बारा दिवसांचा ताप.

आणि गव्हांकुराबद्दल. किडनीचा पसरलेला कॅन्सर असलेल्या जवळपास दोनशे रुग्णांवर कॅनडात एक चाचणी झाली, १९९८ मध्ये छापून आली. निम्म्यांना प्रतिकारशक्ती चेतवणारं इंटरफेरॉन गॅमा, निम्म्यांना नुसतं बिनऔषधी इंजेक्शन. औषधवाल्यांत ४.४ टक्के लोकांच्या गाठी आटल्या. बिनऔषधीवाल्यांत ६.६ टक्के. त्या ६.६ टक्क्यांतल्या कुणी त्या काळात गव्हांकूर, पुडी, नवस यातलं काही केलं असतं तर आज त्याचं दुकान असतं.

बडोद्याची_मीरा
१४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

राजू, काकूंना एक गोष्ट नक्की सांग. त्यांची गाठ ऑपरेशनमध्ये निघालीय. आता चालू आहे ती किमो दिसणाऱ्या गाठीसाठी नाही, कुठे चुकार पेशी राहिल्या असतील तर त्यांच्यासाठी आहे. म्हणूनच त्यांना वाटतं की आपलं तर सगळं गेलंय, मग कशाला. आणि माघारीच्या त्या यादीतही स्तनाच्या कॅन्सरचे रुग्ण फार थोडे आहेत. एक डोस आठवडाभर पुढे गेला तर डॉक्टर सांभाळून घेतील, पण फोन आजच करा.

सांजवात
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

आणि केसांचं हसण्यावारी नेऊ नका. बायकांना ते फार लागतं. त्यांच्याशी बोलायला एखादी बाई ने.

रामबागचा_राजू
१८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सांजवातताई, तुमचं ऐकलं. शनिवारी मावशीलाच घेऊन गेलो. तीन जिने, दर मजल्यावर दम खात. तिच्यासोबत फाइल नेली, मी वाचून दाखवीन म्हणून. फाइल उघडायची वेळच आली नाही.

मावशी गॅलरीतल्या ट्रेंकडे बघून म्हणाली, "गहू छान उगवलाय." मग खुर्चीत बसून काकूंना म्हणाली, "हे बघ गं, माझं काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. राजूने कपाट उकरलं तेव्हा कळलं. तुझं काय आहे ते कागदावर लिहिलंय आणि त्यावर औषधही लिहिलंय. मला कुणी असं लिहून दिलं असतं तर मी जुलैपर्यंत थांबले नसते. या पोराला मी कधी सांगितलं नाही, पण चार महिने मी रोज रात्री छाती चाचपून झोपायची."

हे मला माहीत नव्हतं.

काकूंनी एकच विचारलं, केस परत येतात का. मावशी म्हणाली, मला काय माहीत, माझे तर गेलेच नाहीत. दोघी हसल्या. मग काकूंनी आतून डबा आणला आणि दोघी पुढचा तासभर कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत बसल्या.

आज सोमवार. सकाळी काकूंचा मुलगा त्यांना घेऊन गेला, तिसरी किमो झाली. आल्यावर मळमळतंय म्हणून झोपल्यात. डॉक्टर रागावले नाहीत म्हणे, फक्त कच्चा रस सध्या बंद ठेवा म्हणाले, पोटाला जंतूंचा त्रास नको. ट्रे गच्चीवर गेलेत, कबुतरं खाताहेत.

ग्वाल्हेरकर_आप्पा
१८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मावशींना माझा साष्टांग. गणपतीलाही. दोघांना वेगवेगळा.

स्लाइडवाला
१८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

फार बरं वाटलं. राजू, मावशींचा शेवटचा सीटी कधी झाला?

रामबागचा_राजू
१८ नोव्हेंबर, रात्री १०:२४

गेल्या वर्षी जूनमध्ये. मग "डाग नाहीत तर फोटो कशाला" म्हणून टाळत होती. आज फाइल परत कपाटात ठेवायला गेलो तेव्हा विषय काढला. ९ जानेवारीची वेळ घेतलीय. म्हणाली, संक्रांतीच्या आधी उरकून टाक, नंतर मला तिळाचे लाडू वळायचेत.